एच-पाचच्या घरातला हत्ती

बुद्धिबळ मला आजही धड खेळता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. सोंगट्या कशा चालतात ते ठाऊक आहे, पण चौथ्या-पाचव्या चालीला माझा वजीर जातो आणि समोरचा माणूस कीव आल्यासारखा बघतो. तरीही बीदर जिल्ह्यात एके काळी बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची एकमेव डॉक्टर मीच होते. जिल्ह्यात तसलं यंत्र एकच होतं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

आयटीआयचा रेडिओचा कोर्स करून मी माझ्या गावाहून, मुडबीहून, बीदरला आले आणि चौबाऱ्याजवळच्या शिवण्णांच्या दुकानात लागले. शिवण्णा माणूस चांगला. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि कपॅसिटरशी दखनी बोलायचा. पण बाईनं उघडलेला रेडिओ लोक घेतील का, अशी त्याला धास्ती. म्हणून माझं टेबल पडद्यामागे. पुढे बसून शिवण्णा गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायचा, रेडिओ पडद्याखालून आत सरकवायचा, मी दुरुस्त करून परत सरकवायची. मग तो गिऱ्हाइकाला सांगायचा की फार किचकट काम होतं, पण जमवलं. पडद्यामागे मी हे चार वर्षं ऐकलं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक मासलेवाईक. भालकीकडचे एक पाटील रेडिओ घेऊन आले होते, तो फक्त मराठी बोलेल असा करून द्या म्हणून. आमचा भाग कर्नाटकात जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, त्यांचा राग तसाच होता. शिवण्णानं डायलवर परभणी केंद्र लागतं तिथं लाल रंगाचा ठिपका काढून दिला आणि काटा ह्याच्या पुढं नेऊ नका म्हणून बजावलं. पाटील खूश होऊन गेले. औरादच्या एका आजींचा रेडिओ खोकत होता. उघडला तर आत मुंग्यांचं वारूळ. रेडिओला खोकल्याचं औषध देता येतं का, असं त्यांनी खरंच विचारलं होतं.

हे सगळं सुखात चाललेलं असताना बीदरात टीव्ही आला. टीव्ही म्हणजे पुढच्या काळाचा धंदा, हे शिवण्णानं ओळखलं आणि हैदराबादचा एक मेस्त्री ठेवायचं ठरवलं. मेस्त्री महिनाअखेरीला येणार होता. दुकानात दोनच टेबलं मावतात, म्हणजे माझं टेबल त्याला जाणार. शिवण्णा तोंडावर काही बोलला नाही. एके दिवशी सहज विचारावं तसं त्यानं मला विचारलं, की मुडबीत शिवणाचा क्लास निघालाय म्हणे, खरं का. मी समजायचं ते समजले. त्या दिवशी मी एका ट्रान्झिस्टरला इतक्या रागानं कथलाचा डाग दिला की त्याचा पाय तुटला.

त्याच आठवड्यात वकीलसाहेब आले.

बीदरात बुद्धिबळाच्या पटावर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रविवारी त्यांच्या ओट्यावर पट मांडला जायचा आणि हरलेली माणसं चहा पिऊन घरी जायची. त्यांच्या जर्मनीतल्या जावयानं ते यंत्र पाठवलं होतं. मोठ्या पुस्तकाएवढा चपटा डबा, वर पट, बाजूला बटणं आणि लाल अंकांची चिमुकली खिडकी. पटाच्या उभ्या ओळींना ए ते एच अशी इंग्रजी अक्षरं, आडव्यांना एक ते आठ आकडे. आपण आपली सोंगटी हलवायची, कुठून कुठं हलवली ते बटणांनी सांगायचं. यंत्र विचार करतं आणि त्याची सोंगटी कुठं ठेवायची ते खिडकीत दाखवतं. हात नसलेला खेळाडू तो, आपणच त्याचे हात.

"हे मशीन बेइमान हाय, शिवण्णा," वकीलसाहेब म्हणाले. मी पडद्याआडून ऐकत होते.

तक्रारी तीन होत्या. पहिली, राजाची अडीचकी यंत्र मान्य करत नाही. आमच्याकडच्या खेळात शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. वकीलसाहेबांचे अर्धे डाव त्या उडीवर जिंकलेले. इथं उडी मारली की यंत्र कुर्र करून नाराजी दाखवायचं. दुसरी, त्याचं प्यादं पहिल्याच चालीला दोन घरं पळतं. आमच्याकडं प्यादं एकेक घर चालतं. आणि तिसरी, वकीलसाहेबांचा हत्ती यंत्र स्वतःचा समजून हलवतं. भर डावात, उजळ माथ्यानं.

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका होती. शिवण्णानं ती माझ्याकडून वाचून घेतली. पहिल्या दोन तक्रारींचं उत्तर त्यातच होतं. परदेशात राजाला अडीचकी नाही आणि प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरांची मुभा आहे. दोष यंत्रात नव्हता, नियम वेगळे होते. इथपर्यंत ठीक. पण शिवण्णानं तिसरी तक्रारही त्याच खात्यात टाकली. एवढं सगळं वेगळं, तर दुसऱ्याचा हत्ती हलवणं पण तिकडच्या नियमात बसत असेल, असा त्याचा हिशोब. मी म्हटलं, पुस्तिकेत तसं कुठं लिहिलेलं नाही. तो म्हणाला, सगळंच कुठं लिहिलेलं असतंय. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना त्यानं तसं सांगितलं.

वकीलसाहेबांनी पुस्तिका उलटसुलट चाळली. मग शांतपणे म्हणाले, "म्हंजे जर्मनीत मानसं दुसऱ्याचं उचलून आपलं म्हनत्यात, आन् ते कायद्यात बसतंय. असंच ना?"

वकीलसाहेबांनी आठ दिवस दिले. आठ दिवसांत यंत्र दुरुस्त झालं नाही तर दुकानाला नोटीस, आणि वर बीदरभर बोभाटा. त्यांचा बोभाटा नोटिशीपेक्षा वाईट, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ते गेल्यावर मी पडद्याबाहेर आले. एरवी मी येत नसे. म्हटलं, "अण्णा, मी ह्ये नीट केलं तर त्या हैदराबादच्या मेस्त्रीला बोलवू नका. टीव्हीचं काम मी शिकते. पुढच्या टेबलावर बसून."

"आन् न्हाई झालं तर?"

"तर मी मुडबीला जाते, शिवणाच्या क्लासला."

शिवण्णानं डोकं खाजवलं. यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याच्यापुढंही दुसरा मार्ग नव्हता. "बघ," एवढंच म्हणाला.

आता यंत्राच्या डोक्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्याला दोन प्रकारची आठवण असते. एक कारखान्यातच छापून दिलेली, त्यात खेळाचे नियम. ती वीज गेली तरी पुसत नाही. दुसरी पाटीसारखी. कुठल्या घरात कोण उभं आहे, हे त्या पाटीवर लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. वीज गेली की पाटी कोरी. आणि ती पाटी तरी केवढी? दोनशे छप्पन्न कप्पे. त्यातलेच पटाला द्यायचे, आणि उरलेल्यात ‘मी असं केलं तर तो तसं करील’ हा विचार मांडायचा. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये अशा किती पाट्या मावतील ते मोजायला बसलात तर दिवाळी उलटून जाईल. एवढ्याशा जागेत ते यंत्र भल्याभल्यांना मात देत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

शिवण्णाकडे एक जाडजूड हँडबुक होतं, ते तो वजन म्हणून वापरायचा. त्यात मला यंत्रातल्या चिपांची माहिती सापडली. पाटी एका चिपेची नव्हती. दोन सारख्या चिपा शेजारी शेजारी होत्या आणि प्रत्येक कप्प्याची अर्धी नोंद एकीत, अर्धी दुसरीत. बाकी सगळा अंदाज. नकाशा नाही, विचारायला कुणी नाही.

दोष शोधायचा तर तो पुन्हा घडायला हवा. मी तीन दिवस खेळले. हत्ती बाहेर निघायच्या आत मी हरायची. दोष दिसेपर्यंत टिकून राहील असा खेळाडू हवा होता, आणि तो वकीलसाहेब असून चालणार नव्हता. तसा एकच माणूस मला माहीत होता.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी यंत्र लुगड्यात गुंडाळून मुडबीला गेले. माझे बाबा खेळ शिकले ते उभ्यानं. त्यांच्या तरुणपणी मारुतीच्या पारावर पट मांडलेला असायचा आणि आमच्या लोकांना पारावर बसायची मुभा नव्हती. बाबा लांब उभे राहून सगळा डाव डोळ्यांनी उचलायचे आणि घरी येऊन कोळशानं आखलेल्या पटावर पहिल्यापासून मांडायचे. छप्पन्न साली आमच्या घरांनी धम्म घेतला, पुढे विहाराचा ओटा झाला, तेव्हा कुठे त्यांनी बसून खेळायला सुरुवात केली. तोवर शेकडो डाव त्यांच्या डोक्यात साठले होते.

मी त्यांना परदेशी नियम सांगितले. अडीचकी नाही म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, राजाला पळवाट न्हाई ठेवली, बरं केलं. आणि सोप्यात बसून त्यांनी खेळायला घेतलं. बटणं मी दाबत होते. मधे एकदा वीज गेली आणि आली. पटावर सोंगट्या जिथल्या तिथं, पण यंत्राची पाटी कोरी. बाबांनी पहिल्या चालीपासून सगळं सांगितलं, मी बटणं दाबत गेले, यंत्रानंही तीच ती उत्तरं दिली आणि पाचच मिनिटांत डाव होता तिथं आला.

तिसऱ्या डावात हत्ती फिरला. बाबांनी हत्ती कडेला नेला आणि यंत्रानं तोच हत्ती उचलून बाबांचाच उंट मारला. मी आनंदानं ओरडले. बाबा मात्र पटाकडे बघत बसले होते.

"पैल्या डावात बी हितं वजीर आनला हुता," ते म्हणाले. "तवा बी येड्यावानी करायलं हुतं. दुसऱ्यात ह्या घराला गेलोच न्हाई, तर सरळ खेळलं. सुजाता, ह्येला सगळं दिसायलंय. ह्ये एकच घर दिसंना."

त्यांचं बोट एच-पाचवर होतं. यंत्राच्या सोंगट्या काळ्या, आपल्या पांढऱ्या; मी एकेक पांढरी सोंगटी त्या घरात ठेवून पाहिली. प्यादं, घोडा, उंट, काहीही ठेवा, यंत्र ते आपलंच समजायचं. बाकी त्रेसष्ट घरांत असं काही नाही. वकीलसाहेबांना एवढंच आठवत होतं की यंत्रानं चोरी केली. ती कुठल्या घरात केली, ते बाबांनी सांगितलं.

आता गाडी माझ्या रस्त्याला लागली होती. सोंगटी कुणाची, ही नोंद एका चिपेत आणि सोंगटी कुठली, ही दुसरीत, असं असणार. पहिल्या चिपेतला एच-पाचचा कप्पा बिघडलाय, तिथं काहीही लिहिलं तरी ‘काळं’ असंच वाचलं जातं. खातरजमा करायची रीत आमच्या धंद्यात जुनी आहे. सारख्या दोन वस्तूंची अदलाबदल करायची. दोष जागा बदलून गेला तर ती वस्तू खराब. सोमवारी मी दोन्ही चिपा काढल्या. एकेकीला अठरा पाय, आणि वितळलेलं कथील शोषायचं यंत्र आमच्याकडं नाही. अँटेनाच्या केबलची तांब्याची जाळी सोलून तिनं कथील टिपलं. एक पाय तुटला असता तर शिवणाचा क्लास. अदलाबदल करून पट मांडला आणि एच-पाचमध्ये हत्ती ठेवला. यंत्रानं तो आपला म्हटला नाही. पण त्याला तो हत्तीही वाटेना, उंट वाटायला लागला. मी पडद्यामागे एकटीच हसले.

चिप सापडली, पण दुसरी आणायची कुठून? शिवण्णानं हैदराबादला ट्रंककॉल लावला. तिथं नव्हती. मुंबईहून मागवली तर तीन आठवडे. आमच्याकडे चार दिवस होते. शिवण्णा खुर्चीत बसला आणि म्हणाला, संपलं आता.

मला त्या क्षणी खरंच रडू आलं होतं. रडत रडतच मी हँडबुकाचं ते पान पुन्हा वाचलं. चिपेकडे आठ तारा जातात, त्या कप्प्याचा पत्ता सांगतात. वाचता वाचता मनात आलं की यातल्या दोन तारा आपसात बदलल्या तर? गावातल्या दोन गल्ल्यांची नावं पोस्टमननं मनातल्या मनात उलटी धरली, तर पत्र चुकीच्या घरी पडेल. पण परत न्यायलाही तो त्याच चुकीच्या घरी जाईल, म्हणून कुणाचं काही हरवणार नाही. फक्त पडकं घर आता दुसऱ्या गल्लीत गेलेलं असेल. एच-पाचचं सामान चांगल्या कप्प्यात जाईल आणि बिघडलेला कप्पा दुसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला येईल.

चिपा मूळ जागी बसवल्या आणि त्या खराब चिपेच्या दोन तारा उलट्या जोडल्या. दोष दुसऱ्या एका घरात गेला. दुसरी जोडी बदलली, तर यंत्र सुरूच होईना. जागाच इतकी थोडी की एकही कप्पा रिकामा नव्हता. जिथं ढकलावं तिथं कुणीतरी बसलेलंच. तिसरी जोडी बदलली. यंत्र सुरू झालं. एच-पाच साफ. मग चौसष्टच्या चौसष्ट घरांत सगळ्या जातीच्या सोंगट्या ठेवून पाहिल्या. कुठंही चूक नाही.

तरी माझं समाधान होईना. दोष गेला कुठं? त्या यंत्राला सात पायऱ्या होत्या. पायरी जितकी वरची, तितका लांबचा विचार आणि तितका वेळ. सातवीवर एका चालीला दिवस दिवस लागायचा. वीज दगा देईल म्हणून मी यंत्र ट्रकच्या बॅटरीवर लावलं आणि एकेक पायरी चढवत गेले. सहावीपर्यंत ठीक. सातवीवर दीड दिवस विचार करून त्यानं खिडकीत अर्थ नसलेले अंक दाखवले आणि ते गप्प झालं. बिघडलेला कप्पा आता लांबच्या विचाराच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसला होता. तिथं यंत्राचा हात क्वचितच पोचायचा.

शिवण्णा म्हणाला, सातवीचं बोलूच नको. कोण दीड दिवस बसतंय?

आठव्या दिवशी वकीलसाहेब चार माणसं घेऊन आले, साक्षीला म्हणा. शिवण्णानं यंत्र पुढं ठेवलं आणि नेहमीसारखं म्हणाला, की फार किचकट होतं, पण जमवलं. वकीलसाहेबांनी चष्मा नीट केला.

"काय बिघडलं हुतं?"

"आतला... म्हंजे मेमरीचा भाग," शिवण्णा म्हणाला.

"कुठल्या घरात? आन् कसं नीट केलं?"

शिवण्णानं कपाळ पुसलं. मग मागं न बघता हात लांबवला आणि पडदा बाजूला केला. "साहेब, मी न्हाई केलं. हिनं केलंय. हिला इचारा."

चार वर्षांत मी पहिल्यांदाच गिऱ्हाइकासमोर उभी होते. हाताला कथील, ओढणीला भोक. वकीलसाहेबांनी माझी उलटतपासणी घेतली, दुसरा शब्द नाही त्याला. मी अडीचकी आणि प्यादं पुस्तिका उघडून दाखवलं, हत्तीचा दोष मात्र खरा होता, साहेबांचंच बरोबर होतं, हेही सांगितलं. दोन चिपा सांगितल्या, तारा सांगितल्या, पोस्टमन सांगितला. त्यांनी एच-पाचमध्ये हत्ती ठेवला. यंत्रानं त्याला हात लावला नाही. साक्षीदारांपैकी कुणीतरी वा म्हणालं.

तिथं थांबले असते तरी चाललं असतं. शिवण्णा डोळ्यांनी थांब म्हणत होता. पण मला ते जमेना.

"साहेब, दोष गेला न्हाई. सरकवलाय," मी म्हणाले. "सातवी पायरी लावू नका. तिथं दीड दिवसानं मशीन अडकतंय. मुंबईची चिप आली की तेबी काढून देते."

वकीलसाहेब माझ्याकडे रोखून बघत होते. मला वाटलं, गेलं सगळं.

"दीड दिवस?" ते म्हणाले. "पोरी, मी एकेका तारखेला तीन तीन महिने थांबतो." आणि हसायला लागले. हसता हसता शिवण्णाकडे वळले. "शिवण्णा, दोष कुठं हाय ते सांगनारा मेस्त्री बीदरात मी आज पैल्यांदा बघायलोय. हिला आत कामून बसवलंस?"

मग त्यांनी विचारलं, घर कसं शोधलं. आणि मी म्हणाले, खेळून बघितलं साहेब, एकेक घर तपासलं.

खोटं नव्हतं ते. पण बाबांचं नाव मी घेतलं नाही. माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव लागतं म्हणून मी चार वर्षं धुसफुसत होते आणि पहिली संधी मिळताच मी तेच केलं. याची मला आजही लाज वाटते. पुढच्या रविवारी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझं नाव सांगून ते मशीन काय लौकर चालनार हुतं का?" आणि एक डाव खेळू म्हणाले. आता हे वाचायला ते राहिले नाहीत, तरी इथं लिहून ठेवते. एच-पाच माझ्या बाबांनी शोधलं.

हैदराबादच्या मेस्त्रीला शिवण्णानं येऊ नका म्हणून कळवलं. पुढच्या सोमवारी मी पुढच्या टेबलावर बसले. रस्त्यावरची माणसं जाता येता वाकून बघत होती. अकराच्या सुमारास जनवाड्याकडची एक बाई पाटीत घालून रेडिओ घेऊन आली. तिनं दुकानात इकडे तिकडे पाहिलं, आतल्या बाजूलाही डोकावली.

"अक्का, मेस्त्री कुठं गेलेत?"

"मीच मेस्त्री," मी म्हणाले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पाटी माझ्या टेबलावर ठेवली, पदरानं रेडिओवरची धूळ पुसली आणि स्टूल ओढून बसत म्हणाली, "मग बगा की. सकाळधरनं गप बसलाय."